वडिलांच्या नावाच्या पावत्या

आमच्या वसतिगृहाच्या बाई नसत्या, तर मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत राहिलो असतो. माझे वडील तेच करत. मी सातवीत असताना ते गेले, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी आईने मला तालुक्याला आणून बाईंसमोर उभं केलं. बाई तिथल्या शाळेत शिकवत, आणि बाहेरगावच्या गरीब मुलांसाठी एका ट्रस्टचं मोफत वसतिगृह होतं, तेही त्याच चालवत. आईने पदराच्या टोकाची गाठ सोडायला घेतली तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या ते. याचं अक्षर कसं आहे?" मी पाटीवर माझं नाव काढून दाखवलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "पावती पुस्तक आजपासून याच्याकडे."

वसतिगृह गावाने दिलेल्या धान्यावर चाले. रविवारी सकाळी आम्ही मुलं पिशव्या घेऊन गल्ल्यांतून हिंडायचो. कुणी ज्वारी घाले, कुणी तुरीची डाळ, कुणी नुसतं ओंजळभर मीठ. बाईंचा नियम असा होता, की ओंजळभर दिलं तरी पावती द्यायची. मी ओट्यावर बसून गुडघ्यावर पुस्तक ठेवायचो, मध्ये कार्बन सरकवायचो आणि विचारायचो, "नाव काय लिहू?"

पहिल्याच रविवारी एक बाई म्हणाली, "माझं कशाला रे? सासूबाईंचं लिही."

"त्यांना बोलवा ना. सही लागते का विचारतो."

"त्या कुठून येतील? पोळ्याला वर्ष झालं त्यांना जाऊन!" ती आणि तिची जाऊ दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

मी घाबरून पुस्तक मिटलं आणि बाईंकडे गेलो. मेलेल्या माणसाचं नाव पावतीवर कसं लिहायचं? बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देणारा सांगेल ते नाव लिहायचं. ते माणूस आहे की गेलं, हे आपण विचारायचं नाही."

पुढे मला कळलं की त्या गावात स्वतःच्या नावाने कुणी देतच नसे. तसं करणं लोकांना मिरवल्यासारखं वाटायचं. कुणी आईच्या नावाने देई, कुणी लहानपणी गेलेल्या मुलाच्या. एक नवा कापडवाला तेवढा स्वतःचं नाव लिहायला सांगायचा, आणि त्यावरून लोक त्याची चेष्टा करायचे. चार वर्षं मी गावातल्या गेलेल्या माणसांची नावं पावत्यांवर लिहिली, आणि त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही.

बाईंचा दुसरा नियम जास्त कडक होता. एकदा फाडलेली पावती पुन्हा लिहायची नाही. एका रविवारी मी आजारी होतो म्हणून पुस्तक माझ्या खोलीतल्या एका मुलाकडे होतं, आणि त्याने पावतीवर ज्वारीचं माप चुकीचं लिहिलं. चूक झाकायला त्याने दोन्ही प्रती चुलीत टाकल्या आणि पुढच्या पानावर नवीन लिहून दिली. बाईंना पुस्तकातलं तुटलेलं पान दिसलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्याचा हात धरला आणि भर बाजारातून त्याला त्या घरी घेऊन गेल्या. दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "आमची पावती चुकली होती. चुकलेली दाखवून दुरुस्त करायची असते. याने जाळली. ते सांगायला आलोय." मी मागे पुस्तक छातीशी धरून उभा होतो. चूक माझी नव्हती, तरी कागदाची भीती मला तेव्हापासून आहे.

त्या भीतीनेच बहुधा मला पदवीपर्यंत नेलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. परीक्षा देऊन केंद्र सरकारात लागलो आणि दिल्लीला आलो. नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा साठवलेले पैसे एका पाकिटात घालून बाईंच्या पुढे ठेवले. त्यांनी पावती पुस्तक ओढलं, पेन उघडलं आणि अगदी माझ्यासारखंच विचारलं, "नाव काय लिहू?"

मी वडिलांचं सांगितलं. आणखी कुणाचं सांगणार?

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह उघडतं, त्या दिवशीचं जेवण त्या पैशांतून झालं. ताटं वाढून झाली की एक मुलगा उभा राहून देणाऱ्याचं नाव वाचतो, अशी आमची पद्धत. "आजचं जेवण अमुक यांच्याकडून." आणि जेवून उठताना सगळी मुलं एका सुरात म्हणतात, "अन्नदाता सुखी भव." माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाला जेवू घातलं नव्हतं. जिनिंगमध्ये त्यांना कुणी नावाने हाकही मारत नसे, "ए हमाल" एवढंच. त्या दिवशी त्यांचं संपूर्ण नाव आडनावासकट त्या लांब खोलीत घुमलं. आई आत चुलीजवळ बाईंच्या शेजारी बसली होती.  पुढच्या वर्षी श्रावणातच तिने माझ्या भावाकडून पत्र लिहून घेतलं, "या वर्षी येणार ना? नाव वाचणार ना?"

मग दर दिवाळीला हे ठरूनच गेलं. दरवर्षी पैसे हातात द्यायचे आणि पावती घेऊन यायची. पावतीच्या तळाशी छापलेलं होतं की या देणगीवर आयकरात सूट मिळते. सेक्शनमधल्या एका वरिष्ठांनी सांगितलं, अरे, मग रिटर्नमध्ये दाखव, हक्काचं आहे. मी दाखवू लागलो. पावतीची झेरॉक्स रिटर्नला जोडायची, मूळ पावती फाइलमध्ये ठेवायची. जो कर वाचे तो पुढच्या वर्षीच्या पाकिटात घालायचा. पैसे माझे, पावती खरी, ट्रस्ट खरा. मला चिंता वाटावी असं त्यात काही नव्हतं.

माझी ती निळी फाइल आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये चेष्टेचा विषय होती. बायको दिल्लीतच जन्मलेली, वाढलेली. तिचे वडीलही सरकारी नोकरीत होते. ती म्हणायची, "धोब्याची चिठ्ठी पण जपून ठेवतात हे. उद्या मी हरवले तर माझी पावती दाखवून सोडवून आणतील." फाइलमध्ये औषधांची बिलं होती, एलटीसीच्या, म्हणजे गावी जायच्या सरकारी प्रवास-सवलतीच्या, तिकिटांचे नंबर होते, स्कूटरच्या विम्याचे कागद होते. कधी कुणी विचारलं, की हे तू कुठून आणलंस, तर मला कागद काढून दाखवता आला पाहिजे. क्वार्टर, गॅस, पंखे, स्कूटर, यातलं काहीच माझ्या घरात कधी नव्हतं. कुणीतरी दार वाजवून विचारणार, याची मी वर्षानुवर्षं वाटच बघत होतो.

सेक्शनमध्ये माझ्या शेजारी पानिपतचे एक गृहस्थ बसायचे. त्यांच्या पुतण्याचं तिकडे हातमागाचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत त्यांचीच कांबळी. ते मला मास्टरजी म्हणायचे. एका फेब्रुवारीत खुर्ची माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "मास्टरजी, सर्दियों में कंबल, फरवरी में रसीद. दोनों अपनी दुकान से. धर्मार्थ संस्था है, पानिपत में. थोड़ा दो, रसीद पूरे की लो."

"मेरे पास है बाऊजी. असली है."

"असली!" ते मोठ्याने हसले आणि सगळ्या सेक्शनला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनो भाई, मास्टरजी सच में दान करते हैं! इनको कोई समझाओ!"

सगळे हसले. मीही हसलो. मनातून मला जरा बरंच वाटलं, हे खरं.

नंतरच्या वर्षी सप्टेंबरात एक दिवस ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शिपायाने त्यांची खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. टेबलाखाली सुतळीने बांधलेला कांबळ्यांचा गठ्ठा तसाच पडून होता. दुपारपर्यंत सगळीकडे कळलं. पानिपतची ती संस्था कुठे नव्हतीच; नुसतं पावती पुस्तक होतं. आयकर खात्याने ते पकडलं होतं, आणि आमच्या ऑफिसातल्या ज्यांनी ज्यांनी देणगीवर सूट घेतली त्या सगळ्यांची यादी ऑफिसकडे पाठवली होती. बाऊजी निलंबित झाले होते. बाकीच्यांनी मूळ पावत्या घेऊन लेखाधिकाऱ्यांना भेटायचं होतं. यादीत माझं नाव होतं.

मला भीती वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यानंतर भीतीशिवाय दुसरं काही वाटलंच नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये मी निवांत होतो. माझ्या पावत्या खऱ्या होत्या.

रविवारी सकाळी बाल्कनीतलं ऊन पलंगावर आलं होतं. मी फाइल उघडली आणि पावत्या वर्षांप्रमाणे लावायला बसलो. बाईंचं टपोरं अक्षर, ट्रस्टचा जांभळा शिक्का. यादीसोबतच्या नोटिशीत लिहिलं होतं, पावतीवरचं देणगीदाराचं नाव आणि कर्मचाऱ्याचं नाव पडताळून घ्यावं. मी पहिल्या पावतीवरचं नाव वाचलं. दुसऱ्या पावतीवरचं वाचलं. मग सगळ्या पावत्या पलंगावर पसरल्या आणि उभा राहिलो.

एकाही पावतीवर माझं नाव नव्हतं. "श्री." हे छापील अक्षर, आणि त्याच्यापुढे दरवर्षी माझे वडील. स्मरणार्थ वगैरे शब्द कुठे नव्हता, कारण आमच्या पावतीत त्यासाठी जागाच नव्हती. आणि बाईंनी किंवा मी, आम्ही दोघांनीही, ती कधी शोधली नव्हती. इतकी वर्षं मी त्या पावत्या हाताळत होतो. त्या नावाकडे मी वडिलांना बघावं तसं बघत आलो होतो. आयकर खातं कसं बघेल, हे त्या सकाळपर्यंत मनात आलंच नव्हतं. बायको आतून विचारत होती, पोहे आत्ता करू का थोड्या वेळाने? मी पावत्या पुन्हा वर्षांप्रमाणे लावायला घेतल्या. 

लेखाधिकारी निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावून पावत्या चाळल्या. मराठी त्यांना येत नव्हती, पण नाव वाचायला अडचण नव्हती.

"यह कौन हैं?"

"पिताजी, सर."

"क्या करते हैं?"

"नहीं रहे, सर. मैं सातवीं में था."

त्यांनी तारखा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तारखा पाहिल्या. "ये सब तो तुम्हारी नौकरी लगने के बाद की हैं."

"जी सर."

"मतलब ऊपर से दान भेजते हैं?"

कोपऱ्यात बसलेला क्लार्क खुदकन हसला. मीही हसलो, आणि तसं हसल्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. मी भराभर सांगू लागलो. आमच्याकडे अशी पद्धत आहे, पैसे मीच दिले, हातात दिले, मी तिथे होतो, एलटीसी घेऊन गेलो होतो, तिकिटांचे नंबर आहेत.

"हर साल एलटीसी?"

"एक साल छोड़कर, सर."

"तो आधा दान सच्चा?" त्यांनी चष्मा काढला. त्यांना माझी कीव आली असावी, कारण मग त्यांचा आवाज बदलला. "देखो बेटा. मैं मान भी लूँ, आगे कोई नहीं मानेगा. काग़ज़ पर मरा हुआ आदमी है, और ऐसे ही काग़ज़ों में तुम्हारा पड़ोसी घर बैठा है. ऐसा करो, संस्था वालों से बोलो कि तुम्हारे नाम की नई रसीदें काट दें. तारीख़ें पुरानी. महीने के आख़िर तक ले आओ, मैं लगा दूँगा. पैसे तो तुमने दिए ही हैं ना?"

"दिए हैं, सर."

"तो बस. डरो मत."

ते चांगल्या मनाने बोलत होते. मी त्यांना नमस्कार करून बाहेर आलो आणि जिन्यातच बसलो. येणारेजाणारे मला वळसा घालून जात होते.

त्या आठवड्यात मी कसा वागलो ते मला धड आठवत नाही. बायको सांगते की मी रोज संध्याकाळी घरातल्या सरकारी वस्तू मोजत होतो. पंखे, ट्यूबलाइटी, नळ. निलंबन झालं की अर्धा पगार, नोकरी गेली की क्वार्टर जाणार, हे मी ऐकून होतो. मग कुठे जायचं? सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून दिल्लीतल्याच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला होता, पण तिथे अजून टँकरने पाणी यायचं आणि दोन खोल्यांत त्यांचं त्यांनाच पुरत नव्हतं. गावी गेलो तर जिनिंगच्या फाटकावरून जावं लागेल. लोक म्हणतील, हा तो, दिल्लीला मोठा साहेब झाला होता तो. बापाच्या नावावर सरकारला फसवलं. बाहेर एखादी मोटरसायकल थांबली की मी खिडकीच्या बाजूला सरकायचो. डाकेचा शिपाई सेक्शनमध्ये शिरला की त्याच्या हातातल्या खाकी लिफाफ्यांकडे बघत बसायचो. तो पुढे गेला की मग श्वास सोडायचो.

शेवटी बायकोनेच जेवताना विचारलं, "अहो, काय झालंय? दोन दिवस तोच भात चिवडताय. कुणी काही म्हणालं का ऑफिसात?"

मी सगळं सांगितलं. तिने पोळी तशीच हातात धरून ऐकलं.

"थांबा," ती म्हणाली. "सगळ्या? सगळ्या पावत्या माझ्या सासऱ्यांच्या नावावर?"

"हो."

"आणि तुम्ही पाहिलं नाही? तुम्ही? दुधाच्या कुपनवरची तारीख दोनदा बघणारा माणूस?"

"पाहिलं होतं. चुकीचं वाटलं नाही."

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. "तुमचं ते गाव पण ना, यार. स्वतःचं नाव लिहायला लाज वाटते." मग तिने पोळी ताटात ठेवली. "अच्छा, पण तो साहेब म्हणतोय ते ठीकच आहे ना? नवीन पावत्या मागवा. पैसे दिलेत. झूठ कुठे आहे त्यात?"

मी तिला चुलीत पावती टाकणाऱ्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. तिने भाताचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "तो मुलगा लहान होता. तुमची नोकरी आहे. बाईंना फोन करा."

बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये मी दुपारी गेलो, गर्दी नसते म्हणून. काचेचं दार लावल्यावर आत भट्टीसारखं झालं. वसतिगृहाचा फोन कोण उचलेल याचा मी विचारच केला नव्हता. बाईंनीच उचलला. त्या तेव्हा शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, पण वसतिगृह अजून त्यांच्याकडेच होतं.

"कोण? दिल्ली? अरे, आवाजाला काय झालं तुझ्या? सर्दी?"

"नाही बाई. एक काम होतं. पावत्यांचं."

"कुठल्या पावत्या?"

मी सांगू लागलो. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मी नको तिथून सुरुवात केली होती, पानिपतपासून. बाईंनी मध्येच थांबवलं. "थोडक्यात सांग. नोकरीवर आलंय का?"

"हो बाई."

 मागे कुठेतरी मुलं ताटं घासत होती, तो आवाज तेवढा येत होता. 

मग बाई म्हणाल्या, "जुनी पुस्तकं आहेत कपाटात. मागची पानं कोरी असतील. तू तारखा पाठव. लिहून देते."

त्या हे नेहमीच्या आवाजात म्हणाल्या नाहीत. तोंडी परीक्षेत मुलं बोलतात तशा, अडखळत, हळू म्हणाल्या.  तोवर मी स्वतःसाठी घाबरलो होतो. या बाईंनी एका मुलाला पावतीसाठी भर बाजारातून नेलं होतं, आणि आता माझ्यासाठी त्या कपाट उघडून, नीट दिसत नसलेल्या डोळ्यांनी, जुन्या तारखा घालून लिहायला बसणार होत्या. वसतिगृहाचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. एकाच पैशाच्या दोन पावत्या सापडल्या तर त्या काय उत्तर देणार होत्या? आणि कुणाला सापडल्या नाहीत, तरी त्यांच्या स्वतःच्या कपाटात त्या पावत्या राहणारच होत्या.

"नको बाई," मी म्हणालो. "नुसतं विचारत होतो. होईल इथेच काहीतरी."

"होईल ना?"

"होईल."

"खोटं बोलतोस. लहानपणी पण असाच आवाज व्हायचा तुझा. पाठव तारखा."

मी फोन ठेवला. बूथवाल्याने मीटरमधून निघालेली चिठ्ठी दिली. ती मी सवयीने घडी करून खिशात ठेवली.

घरी येऊन मी ऑफिसला देण्याचा अर्ज लिहिला. देणगी मी दिली, पावती वडिलांच्या नावाने घेतली, ती दुसऱ्या नावाने मिळणार नाही, मी मागणारही नाही. घेतलेली सगळी सूट परत करतो, कर आणि व्याज भरतो. बायकोने अर्ज वाचला. "व्याज कशातून भरणार?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कपाटातून स्वतःच्या बांगड्यांची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. लेखाधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ज हातात घेतला, वाचला आणि विचारलं, "सोच लिया?" मी मान हलवली. त्यांनी अर्ज ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. 

त्याच संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. सवयीप्रमाणे खाली कार्बन ठेवला होता, म्हणून ते माझ्याकडे आहे.

"बाई, तुम्हाला नमस्कार.

तारखा पाठवत नाही. तुम्ही वाट बघत असाल म्हणून आधी ते लिहितो. नव्या पावत्या लिहू नका. कपाट उघडलं असेल तर बंद करा.

मी आज ऑफिसात खरं काय ते लिहून दिलं आहे. पैसे माझे, नाव वडिलांचं, आणि आमच्याकडे असंच देतात, असं लिहिलं. सूट परत केली. ते आता काय करतील ते मला माहीत नाही. साहेब काही बोलले नाहीत. माझ्या शेजारच्यांना घरी बसवलंय, तसं मलाही बसवतील, किंवा नाही बसवणार. मला फार भीती वाटते, बाई. अक्षर बघून तुमच्या लक्षात आलंच असेल. हे अक्षर बघून तुम्ही मला पावती पुस्तक दिलं नसतं.

तुम्ही फोनवर लिहून देते म्हणालात. ते मी कधी विसरणार नाही, पण तुम्ही विसरा. खात्याकडून तुम्हाला कुणी विचारायला आलं, तर जुनी पुस्तकं आहेत तशी समोर ठेवा. कार्बन प्रतीवर माझ्या वडिलांचं नाव आहे तसंच असू दे. माझं नाव कुठे घालू नका. माझ्यासाठी तुम्हाला बाजारातून जावं लागलं, तर मला ते सहन होणार नाही.

या दिवाळीला माझं येणं होणार नाही. एलटीसीचा अर्ज करायचं धाडस सध्या माझ्यात नाही. पैसे सोबतच्या ड्राफ्टने पाठवतो आहे. ड्राफ्ट करायचं हिने सुचवलं. बँकेच्या नोंदीत पाठवणारा म्हणून माझं नाव राहतं. या वर्षी रक्कम कमी आहे, व्याज भरायचं आहे म्हणून. गोड नको, साधं वरण-भात झालं तरी चालेल. पावती मात्र नेहमीच्या नावाने फाडा. या पावतीवर मी सूट मागणार नाही. ती भावाकडे द्या, आईला दाखवायला.

भाऊ आईला घेऊन येईल. ती आत चुलीजवळ न बसता पुढे मुलांच्या खोलीत बसेल, असं बघा. तिला ऑफिसचं काही सांगितलेलं नाही. तिला आता कमी ऐकू येतं. तेव्हा जो मुलगा नाव वाचेल, त्याला जरा मोठ्याने वाचायला सांगा."